वकीलकाकांची वहिवाट

शाळेच्या स्मरणिकेसाठी आठवणी लिहा असा निरोप आला, तेव्हा मला आधी आठवले ते कुणी सर नव्हेत. आठवले कोर्टातून थेट आमच्या वर्गात आलेले एक गृहस्थ. अंगात काळा कोट, गळ्याला पांढरा बँड आणि पायात चिखलाने माखलेले कॅनव्हासचे बूट. ते शाळेच्या कमिटीवर होते. कमिटीत काय करायचे, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. आम्हाला ते ठाऊक होते नववीच्या नाणेघाटच्या सहलीमुळे. सगळी शाळा त्यांना वकीलकाका म्हणायची, मीही तेच म्हणतो.

जुन्नरहून एसटीने घाटघर, तिथून चालत. भाताची खाचरं कापून झालेली, डाव्या हाताला जीवधन किल्ला. काका सगळ्यांच्या पुढे. मध्येच थांबून हिरड्याच्या झाडाखाली वाकायचे, पडलेलं फळ उचलून धोतराला पुसावं तसं कोटाला पुसायचे आणि कुणाच्या तरी तोंडात कोंबायचे. त्या तुरटपणाने वाकडी झालेली तोंडं बघण्यात त्यांना केवढा आनंद! (कोट सहलीलाही असायचा. त्याला खिसे जास्त, एवढंच कारण.)

घाटमाथ्यावर जकातीचा दगडी रांजण बघून झाला, की घाटातल्या कोरीव गुहेत बसवायचे. इतिहासाच्या सरांनी सातवाहन राजे आणि त्यांची राणी नागनिका शिकवलेली असायची. काका शिकवायचे वेगळंच. भिंतीवरच्या ब्राह्मी लेखात यज्ञात दिलेल्या गायी, घोडे, कार्षापण म्हणजे त्या काळची नाणी, यांचे आकडे आहेत. "हे दानपत्र," ते म्हणायचे, "आणि नोंद दगडात. कुठला तलाठी खाडाखोड करणार?" मग मागच्या भिंतीकडे वळायचे. तिथे राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. वर नावं कोरलेली आहेत, मूर्ती मात्र गेल्या, कुठेकुठे नुसती पावलं उरलीत. "हा बघा आपल्या तालुक्यातला सगळ्यात जुना सातबारा. माणसं कधीच गेली, नावं तशीच. वारसनोंद करायची राहिलीय!" आम्ही हसायचो. सातबारा म्हणजे काय ते निम्म्यांना माहीत नसायचं, तरी.

पुढे एलएलबी करून मी त्यांच्याकडेच जुनिअर म्हणून लागलो. तेव्हा कळलं, की सहलीतला माणूस आणि कोर्टातला माणूस एकच आहे. त्यांचे बहुतेक दावे बांधाचे, हद्दीचे, रस्त्याचे. असा दावा आला की ते लिहायला बसायचेच नाहीत. "आधी चालून येऊ," म्हणायचे. फी ठरायच्या आधी आम्ही पक्षकाराच्या शेतात असायचो. फी बऱ्याचदा त्यानंतरही ठरायची नाही.

एक दावा सांगतो. पश्चिम पट्ट्यातला एक म्हातारा आला. त्याच्या वावरात जाणारी गाडीवाट चुलतभावाने नांगरून कुपाटी, म्हणजे काटेरी कुंपण, घातली होती. अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत आला असता, तर मामलेदार कोर्ट अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारापुढे काम झालं असतं. हा आला आठव्या महिन्यात. म्हणजे दिवाणी दावा, आणि सुविधाधिकार (दुसऱ्याच्या जमिनीतून वाट वगैरे वापरण्याचा हक्क) कायदा, १८८२ प्रमाणे वीस वर्षांची उघड, अखंड वहिवाट शाबीत करायची. कागद एकही नाही. नकाशात वाट नाही. साक्षीदार म्हणावेत तर सगळे दोघांचेही सोयरे.

पहिला पाऊस पडून गेला होता. काका कुपाटीच्या कडेने दोनदा फिरले, मग उंबराजवळ उकिडवे बसले आणि हाताने माती सारू लागले. चार बोटं मातीखाली कातळ लागला, आणि कातळात एक गुळगुळीत खोबण. दुसरीकडे, बरोबर गाडीच्या धावांइतक्या अंतरावर, तशीच दुसरी. बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. काळ्या दगडात एवढं खोल जायला किती पिढ्यांच्या गाड्या जाव्या लागल्या असतील! मी अधीरपणे दुसऱ्या बाजूची माती काढायला लागलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं. काढलेली मातीही पुन्हा लोटून दिली. "राहू दे. कोर्ट कमिशनर येऊ दे, त्याच्यासमोर निघू दे." मग उंबराखाली बसून म्हाताऱ्याच्या घरची नाचणीची भाकरी खाल्ली.

पाहणीसाठी अर्ज दिला, तारखा पडल्या, कोर्टाने जागा बघायला नेमलेले कमिशनर आले, चाकोऱ्या त्यांच्या अहवालात गेल्या. पुढच्या तारखेला समोरच्या वकिलांनीच तडजोडीची पुरसीस, म्हणजे कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन, आणली.

आता उलट बाजूही सांगतो, नाहीतर हा नुसता गौरवलेख होईल. एकदा रविवारी जीवधनवर गेलेले काका सोमवारी अकराला कोर्टात नव्हते. मी दुसऱ्या कोर्टात अडकलेलो. पुकारा झाला, आमच्या बाजूने कुणी नाही, दावा गैरहजेरीत काढून टाकला. पक्षकार बाई दारात उभ्या राहून जे बोलल्या, ते काकांनी मान खाली घालून ऐकलं. रिस्टोरेशनचा, म्हणजे दावा पुन्हा फाइलवर घेण्याचा, अर्ज स्वतः लिहिला, खर्च खिशातून भरला. कारण विचारलं तर म्हणाले, "सोनकी फुलली होती रे." मला तेव्हा राग आला होता. आजही ती सबब मी मान्य करणार नाही.

शाळेच्या सहलीला मात्र एकदाही उशीर नाही. गुडघे गेल्यावरसुद्धा एसटीने घाटघरपर्यंत यायचे आणि तिथल्या पाराजवळ बसून राहायचे. परतलेल्या पोरांना मोजायचे, दोनदा.

स्मरणिकेच्या समितीने त्यांचा फोटो मागितला आहे. घरी काकूंकडे विचारलं, शाळेचं कपाट उपसलं. आमच्या सहलीचा एकच फोटो सापडला. गुहेच्या तोंडाशी आम्ही तीन रांगांत बसलोय. मागच्या उंच दगडावर काका उभे होते, हे मला पक्कं आठवतं. फोटो काढणाऱ्याने कॅमेरा खाली धरला असावा. चिखलाने भरलेले कॅनव्हासचे बूट, वर जेमतेम गुडघ्यापर्यंतची पँट, आणि तिथे फोटो संपतो. पाठीमागे पेनने सगळ्यांची नावं लिहिली आहेत. त्यांचंही आहे.

तोच फोटो पाठवतो आहे.