बारीक कुट्टी आणि फॅटची स्लिप

यंदा भाताची सुगी झाली आणि आम्ही कडबाकुट्टी मशीन घेतलं, मग काय, हौसेनं मी सगळं पिंजर (म्हणजे भाताचा पेंढा) इतकं बारीक केलं की मूठभर हातात घेतलं तर बोटांतून भुशासारखं गळायचं. म्हस गवाण चाटूनपुसून साफ करायची, कायबी शिल्लक नाही, मी खुश. पंधरा दिवसांनी डेअरीची स्लिप बघतोय तर दुधाची फॅट ७.२ वरनं ६.१. आधी मशीनवर संशय घेतला, मग पेंडीवर. काका गोठ्यात धा मिनिटं नुसते उभारले आणि म्हणाले, "आरं ती रवंथ कुठं करतीया, बघ की!"

खरंच की. लांब वैरण असली की जनावर चघळत बसतं, चघळलं की लाळ सुटते, त्या लाळेत खायचा सोडाच असतो म्हणा, तो पोटातला आंबटपणा आवरतो आणि मगच चोथा पचवणारे जंतू नीट काम करतात, दुधातली फॅट बनते ती बरीचशी त्यांनी केलेल्या ॲसिटिक ॲसिडपासनं. पीठ करून घातलं की रवंथ कमी आणि माल न पचताच पुढं सरकतो. गिअर बदलून तुकडा इंच-दीड इंचाचा केला, हळूहळू फॅट सातच्या वर आली.

आणि एक, कुट्टी केली म्हणून पिंजरात सत्त्व वाढत नाही, फक्त नासाडी थांबते. प्रोटीन ३-४ टक्केच. वाढवायचं तर युरिया. १०० किलो पिंजराला ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवायचा, खडा राहिला तर जनावर जाईल, थराथरावर शिंपडून, तुडवून, ताडपत्रीखाली हवाबंद २१ दिवस. आत अमोनिया तयार होतो, काडी मऊ पडते, प्रोटीन ७-८ टक्क्यांपर्यंत जातं. सहा महिन्यांच्या आतल्या रेडकाला मात्र अजिबात नको.

ताडपत्री उघडली तेव्हा डोळ्यांतनं पाणीच आलं, काका नाक धरून बाहेर. तासभर पसरून ठेवलं तरी म्हशीनं दोन दिवस तोंड फिरवलं, तिसऱ्या दिवशी वर मूठभर कोंडा टाकला तेव्हा कुठं खाल्लं.