तुम्ही विचारलंत म्हणून : काळीज कुठं असतं

"सर, काळीज म्हणजे हृदय असं लिहिलं तर तुम्ही लाल गोल का करता?" पंधरा-सोळा वर्षं झाली, दरवर्षी कुणीतरी हे विचारतंच. पोरं विचारतात, स्टाफरूममधले विचारतात, परवा तर व्याही विचारत होते. दरवेळी मी काहीतरी बोलून वेळ मारून नेतो. आज सगळंच सांगून टाकतो.

काळीज म्हणजे यकृत. लिव्हर. उजवीकडं बरगड्यांखाली असतं ते. संस्कृतातलं कालेय बोलण्यात झिजत झिजत आपल्याकडं काळीज झालं आणि हिंदीत कलेजा. अमरकोशात यकृताला कालखंड म्हटलंय, म्हणजे काळा तुकडा. आणि कोश तरी कशाला पाहिजे, मटणाच्या दुकानात कलेजी मागा, तोच काळपट, गुळगुळीत, जड तुकडा तराजूत पडतो.

आमच्या केज तालुक्यातल्या गावात बोकड पडलं की माय काळजाचा तुकडा निखाऱ्यावर भाजायची, वरून खडेमीठ, आणि मोठ्या माणसांच्या आधी लेकरांच्या हातावर ठेवायची. "खा, रगत वाढतंय." चरकसंहितेत रक्त वाहणाऱ्या स्रोतसांचं, म्हणजे वाहिन्यांचं, मूळ यकृत आणि प्लीहा सांगितलंय हे मी एम.ए. झाल्यावर वाचलं. मायला अक्षर ओळख नव्हती.

तर २००९ च्या पावसाळ्यात तिला ताप भरला. चार दिवस गावातल्या गोळ्या झाल्या, मग मी तिला शहरातल्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टर परप्रांतातले, तरुण, मराठी कळत नव्हतं, म्हणून मधे मी. मायनं उजव्या बरगडीखाली हात ठेवला आणि म्हणाली, "काळजात ठणकतंय रं, खांद्यापस्तोर जातंय." मी सांगितलं, "इनके दिल में दर्द है, कंधे तक जाता है." झालं. ईसीजी काढला, परत काढला, टू-डी इको केला, दोन रात्री तिला हृदयाच्या वॉर्डात ठेवली, ताप उतरेना, आणि मी बाहेर बाकड्यावर बसून सगळ्यांना फोनवर सांगत होतो की हार्टचं निघालंय बहुतेक. तिसऱ्या दिवशी सकाळी चादर बदलताना सिस्टरचा हात उजव्या कुशीला लागला आणि माय अशी ओरडली की मी आत पळालो. मग सोनोग्राफी. यकृतात गळू झालेलं, पुवानं भरलेलं. सुईनं काढलं, भांड्यात ते विटकरी रंगाचं पाणी मी बघितलं. तीन आठवडे ती तिथं होती. जरा बोलायला लागली तेव्हा रागानं नाही, खरंच नवल वाटून म्हणाली, "तुला काळीज कुठं असतंय ते ठावं न्हाई व्हय रं?"

मराठीचा मास्तर मी.

मित्र म्हणतात, डॉक्टरनं पोट दाबून बघायला नको होतं का? होतं. वयस्कर बाई, खांद्यापर्यंत कळ, ईसीजी तर कुणीही काढलाच असता. मीही कितीतरी वर्षं स्वतःला हेच सांगितलं आणि ते खोटं नाही. पण तिचा हात मी पाहिला होता. हात कुठं आहे ते दिसत असून मी शब्दाचं भाषांतर केलं, तेही चुकीचं.

पुढच्या वर्षापासून लाल गोल सुरू झाले.

आता तुमचा खरा प्रश्न, मग यकृताचा शब्द दुःखाला, मायेला कसा आला. मला वाटतं, जनावर चिरलं की आधी डोळ्यात भरतं ते हेच. माणसात यकृत दीड किलोच्या आसपास, हृदय जेमतेम तीनशे ग्रॅम. हे एवढं रक्तानं भरलेलं, म्हणजे जीव इथंच, मग भीती इथं, हिंमत इथं, लेकराची ओढ इथंच. फारसीतलं जिगर म्हणजेसुद्धा यकृतच, निजामाच्या राज्यात आपल्या आजोबा-पणजोबांच्या कानावर ते रोज असायचं, आणि मलय भाषेत यकृताला हाती म्हणतात, मनालाही हातीच. हृदय हा शब्द पोथीत आधीपासून होता, घरात मात्र काळीजच तुटायचं, काळजाचंच पाणी व्हायचं. काळजी तरी कुठून आली, त्यातूनच.

पण मग "काळजाचा ठोका चुकला" याचं काय करायचं? यकृताला ठोका नसतो. म्हणजे शब्द कधीतरी छातीत सरकलाच, आणि तो काही शाळेत शिकलेल्यांनीच सरकवला असंही नाही. धाकटा भाऊ एकदा रात्री उशिरा आला तेव्हा माय स्वतः म्हणाली होती, "माझ्या काळजाचा ठोका चुकला की रं." हे आठवलं की लाल पेन हातात जड होतं. तिचं काळीज दोन्हीकडं होतं, तर मी पोरांना चूक कसं म्हणतो? कधी वाटतं मी पोरांच्या वहीत २००९ चा मी शोधतोय. पण काळीज म्हणजे फक्त हृदय असं छापील उत्तर दिसलं की हात थांबत नाही.

माय २०१६ ला गेली. त्या दिवशी दवाखान्यात काळजात ठणकतंय म्हणाली तेव्हा तिला फक्त बरगडीखालचं सांगायचं होतं, की घाबरलीये हेही त्यातच होतं, हे मी तिला सात वर्षांत विचारलं नाही.