पाच इंची मॉनिटर, एक कॅमेरा आणि वाचनालयाची व्याख्यानमाला

आमच्या गावच्या वाचनालयाची व्याख्यानमाला यंदा प्रथमच यूट्यूबवरून थेट दाखवावी, असे कार्यकारिणीच्या बैठकीत ठरले आणि त्यासाठी वेगळा खर्च करता येणार नाही, हेही त्याच बैठकीत ठरले. माझ्याजवळ एक मिररलेस कॅमेरा, एक साधा लॅपटॉप आणि लघुपटांच्या हौसेपायी पूर्वी घेतलेला, कॅमेऱ्याचे चित्र मोठे दाखवणारा पाच इंची मॉनिटर होता. नुसत्या फोनवर भागवता आले असते, परंतु सभागृहात तिवई शेवटच्या रांगेमागेच उभी करता येते आणि तिथून फोनमध्ये वक्ता अंगठ्याएवढा दिसतो.

पहिल्या संध्याकाळी कॅमेऱ्याची एचडीएमआय वायर मी सरळ लॅपटॉपच्या एचडीएमआय खाचेत बसवली आणि अर्धा तास काळ्या पडद्याकडे पाहत बसलो. लॅपटॉपवरची ती खाच चित्र बाहेर पाठवण्यासाठी असते, आत घेण्यासाठी नव्हे, ही साधी गोष्ट त्या वेळी माझ्या लक्षातच आली नाही. चित्र आत घ्यायचे तर मध्ये कॅप्चर कार्ड हवे, आणि खजिनदारांचा चेहरा आठवून मी तो विचार तिथेच सोडला. मग मॉनिटरची पुस्तिका चाळताना दिसले की, त्याची यूएसबी-सी खाच फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतले सॉफ्टवेअर, अद्ययावत केल्यावर संगणकाला वेबकॅम म्हणून दिसू शकते. यामागे यूव्हीसी, म्हणजे यूएसबी व्हिडिओ क्लास, हे २००३ सालापासूनचे प्रमाणक आहे. ते पाळणाऱ्या यंत्रासाठी संगणकावर वेगळा ड्रायव्हर, म्हणजे जोडणीचे सॉफ्टवेअर, लागत नाही. मात्र ही सोय प्रत्येक मॉनिटरमध्ये नसते. अनेकांची यूएसबी खाच केवळ फर्मवेअर भरण्यापुरती असते, त्यामुळे केवळ खाच पाहून मॉनिटर विकत घेऊ नये.

फर्मवेअर भरून मी कॅमेऱ्याची एचडीएमआय वायर मॉनिटरला आणि मॉनिटर यूएसबीने लॅपटॉपला जोडला. ओबीएस स्टुडिओ या थेट प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरच्या यादीत त्याचे नाव आले, पण चित्र मिळाले ते लहान आणि अडखळणारे. दोष वायरीचा होता. फोनच्या चार्जरसोबत आलेली यूएसबी-सी वायर मी वापरली होती आणि ती केवळ यूएसबी २.० च्या वेगाची होती. १९२० गुणिले १०८० बिंदूंचे, सेकंदाला २५ फ्रेमचे चित्र न दाबता पाठवायचे, तर प्रत्येक बिंदूला १६ बिट धरून सेकंदाला सुमारे ८३ कोटी बिट होतात; यूएसबी २.० ची कागदावरची मर्यादाच ४८ कोटींची आहे. यूएसबी ३.० ची आखूड वायर आणल्यावर पूर्ण चित्र आले. वायर आखूड म्हणून लॅपटॉपही तिवईजवळच मांडावा लागला आणि इंटरनेटसाठी ग्रंथपालबाईंच्या टेबलापासून भिंतीच्या कडेने लॅनची वायर ओढून आणावी लागली.

एवढे झाल्यावर मी नाशिकला असलेल्या ताईला चाचणी प्रक्षेपण पाहायला सांगितले. तिचा लगेच फोन आला, “अरे, चित्र धुक्यातल्यासारखं दिसतंय, आणि कोपऱ्यात बॅटरीचं चिन्ह कशाला?” माझ्यासमोरच्या मॉनिटरवर तर रंग भरलेले आणि स्वच्छ होते! कॅमेरा लॉग प्रोफाइलवर, म्हणजे नंतर रंग भरण्यासाठी मुद्दाम फिकट चित्र देणाऱ्या सेटिंगवर होता, मॉनिटर त्यावर लट (LUT, म्हणजे रंग बदलण्याचा तयार तक्ता) चढवून मला सुंदर चित्र दाखवत होता आणि यूएसबीतून मात्र मूळचे फिकट चित्रच पुढे पाठवत होता. या सगळ्या खटाटोपात मला खरी शिकवण मिळाली ती इथे. त्यानंतर मी मॉनिटरच्या पडद्यावर विश्वास ठेवणे सोडले आणि प्रत्येक बदल ओबीएसच्या खिडकीत व ताईच्या फोनवर पाहूनच कायम केला. कॅमेरा साध्या प्रोफाइलवर आणला, एचडीएमआयवरून चित्रासोबत जाणारी बॅटरीसारखी चिन्हे बंद केली आणि कॅमेरा आपोआप बंद होण्याची सोयही काढून टाकली.

सभागृहातल्या एलईडी दिव्यांमुळे चित्रावर पट्टे सरकत होते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आणि माझा कॅमेरा मात्र ३० फ्रेम व १/६० शटरवर! २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवताच पट्टे गेले; मग ओबीएसमध्येही २५ फ्रेम ठेवल्या, नाहीतर हालचाल अडखळते.

आवाज साउंडवाल्या काकांच्या मिक्सरमधून यूएसबी साउंड कार्डाद्वारे थेट लॅपटॉपमध्ये घेतला. चित्र मात्र कॅमेरा, मॉनिटर आणि यूएसबी असा वळसा घेऊन येत असल्याने आवाज आधी पोहोचत होता. काकांना माइकसमोर टाळी वाजवायला सांगून ते मी लॅपटॉपवर ध्वनिमुद्रणासह टिपले आणि फ्रेम मोजल्या. टाळीचा आवाज हात जुळण्याच्या चार फ्रेम आधी येत होता. २५ फ्रेमच्या हिशेबाने एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणून ओबीएसमध्ये आवाजाला १६० मिलिसेकंदांचा विलंब दिला. काकांनी अकरा टाळ्या वाजवल्या आणि शेवटी, “आता हार घालणार काय मला?” असे विचारले.

जीव खरा टांगणीला लागला तो वेगळ्याच कारणाने. नव्या वाहिनीवरून थेट प्रक्षेपणाची परवानगी मागितल्यावर ती मिळायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो, हे मला व्याख्यानाच्या आदल्या दिवशी दुपारी कळले. वाचनालयाच्या फोन क्रमांकावरून खात्याची पडताळणी करून मी अर्ज केला. दुसऱ्या दिवशी सकाळी परवानगी आलेली होती, पण रात्री झोप काही लागली नाही.

सेकंदाला ४,५०० किलोबिटचा दर ठेवल्याने तासाला सुमारे दोन जीबी, म्हणजे दीड तासाच्या व्याख्यानाला तीन जीबी डेटा वर गेला. कॅमेऱ्याला भिंतीवरच्या वीजजोडणीची नकली बॅटरी होती. मॉनिटरला नव्हती आणि लॅपटॉपच्या यूएसबीतून तो वीजही घेत नव्हता. मध्यंतर नसल्याने तासाभराने, वक्ते पाणी पीत असताना, मला त्याची बॅटरी बदलावी लागली आणि प्रेक्षकांना काही सेकंद काळा पडदा दिसला. आता त्याला दोन बॅटऱ्या बसणारी मागची पट्टी लावली आहे. कॅमेऱ्याची मायक्रो एचडीएमआय खाच मात्र थोडी सैल झाली आहे, म्हणून वायर तिवईला सुती दोऱ्याने बांधून ठेवतो आणि मुलांना त्या बाजूने जाऊ देत नाही.