फुकटचे पॅटर्न आणि घरातलं कापड

मंगळवार, रात्र

आज डाउनलोडचं फोल्डर उघडलं आणि तसंच मिटून टाकावंसं वाटलं. क्विल्टचे, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून शिवलेल्या गोधडीचे, फुकट पॅटर्न गेली काही वर्षं दिसेल तिथून उतरवून घेते आहे. फायलींची नावं म्हणाल तर ‘फायनल’, ‘फायनल टू’, ‘इन्स्ट्रक्शन्स’ आणि एक तर नुसतीच आकड्यांची माळ. उघडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही, आणि उघडलं की त्यातच अर्धा तास जातो.

यातले निम्म्याहून जास्त पॅटर्न कापड विकणाऱ्या कंपन्यांचे आहेत. नवीन कापड बाजारात आलं की सोबत एक पॅटर्न फुकट. पहिल्याच पानावर यादी असते: अमुक नंबरचं कापड अर्धा यार्ड, तमुक नंबरचं पाव यार्ड. रीत जुनीच आहे. अमेरिकेत १९३०च्या आसपास ‘माउंटन मिस्ट’ हे क्विल्टच्या आत घालायचं बॅटिंग घेतलं, की त्याच्या वेष्टणाच्या कागदावर पॅटर्न छापलेला मिळायचा. ‘कॅन्सस सिटी स्टार’ या वर्तमानपत्राने तर १९२८ पासून १९६१ पर्यंत ब्लॉकचे, म्हणजे जे चौकोन जोडून क्विल्ट होतं त्यांचे, नमुने छापले, हजाराच्या वर. बायका कात्रणं काढून डब्यात, वहीत ठेवायच्या. त्यातली बरीचशी कधीच शिवली गेली नसणार, असा माझा दाट संशय आहे. कापड विकायचं कापडवाल्याला, पेपर खपवायचा पेपरवाल्याला, आणि जमवायची हौस आपल्याला!

बुधवार

नावाप्रमाणे लावायला घेतलं. तासाभरात सोडून दिलं. ‘चर्न डॅश’, ‘मंकी रेंच’, ‘होल इन द बार्न डोअर’ अशा तीन फायली तीन ठिकाणी गेल्या, आणि शेजारी शेजारी उघडून पाहिलं तर तिन्हींत एकच ब्लॉक. चार कोपऱ्यांत दोन-दोन त्रिकोणांचे चौकोन, चार बाजूंना दोन रंगांच्या जोडपट्ट्या, मध्ये एक साधा चौकोन. गावोगावी बायकांनी आपापल्या डोळ्यासमोरच्या वस्तूवरून नाव दिलं, त्याला कोण काय करणार? बार्बरा ब्रॅकमन या अभ्यासिकेने अशा जुन्या ब्लॉकची भलीमोठी सूची केली आहे, चार हजारांहून जास्त ब्लॉकची. तिनेही नावाचा नाद सोडून ब्लॉक आत कसा विभागलाय त्यावरून क्रम लावला. चार घरांचा (घर म्हणजे ब्लॉकमधला एक चौकोनी भाग), नऊ घरांचा, पट्ट्यांचा, आणि असंच पुढे.

मग मीही तसंच केलं. आणि गंमत अशी, की ढिगाचा ढीग भराभर बसत गेला. नऊ घरांच्या फोल्डरात तर नुसती रीघ लागली. फोटोत एक निळं-पांढरं, एक ख्रिसमसचं लाल-हिरवं, एक पोरांच्या कापडाचं, हत्तीबित्ती असलेलं. कापड डोळ्याआड करून नुसत्या रेघा बघितल्या की सगळे सख्खे भाऊ. जे आवळेजावळे निघाले त्यांतला एकच ठेवला, ज्यात मापं नीट दिली आहेत तो. उदाहरणार्थ, शिवून झाल्यावर तीन इंची भरेल असा दोन त्रिकोणांचा चौकोन हवा असेल तर कापड पावणेचारच्या थोडं वर, म्हणजे तीन आणि सात अष्टमांश इंच कापायचं असतं. काही पॅटर्न सरळ सांगतात की चार इंच कापा, शिवा, मग बाजूने तासून साडेतीन करा; उरलेला अर्धा इंच दोन्हीकडच्या शिवणीत जातो. हे दुसरे मला जास्त आवडतात. लिहिणाऱ्या बाईने स्वतः मशीनवर बसून लिहिलंय हे कळतं.

बाकीचे उडवताना हात जरा कचरला, पण उडवले.

गुरुवार

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे टेम्प्लेटची, म्हणजे तुकडे कापायच्या साच्यांची, पानं छापायला गेले. मुलगा फार मनापासून काम करतो, आणि तिथेच घात आहे. “काकू, फिट टू पेज ठेवू ना? कडेचं कापलं जाणार नाही.” नको रे बाबा. पॅटर्न अमेरिकन, त्यांचा कागद साडेआठ इंच रुंद. आपला ए-फोर सव्वाआठच्या आसपास. कागदात बसवायला गेलं की चित्र साधारण ९७ टक्क्यांवर येतं आणि बारा इंची ब्लॉकला पाव इंचाहून जास्त फटका बसतो. सगळेच तुकडे त्या टेम्प्लेटने कापले तर एक वेळ खपून जाईल. पण अर्धे टेम्प्लेटने आणि अर्धे पट्टीने कापले तर जन्मात जुळायचे नाहीत. पाव इंच ही तर इथे शिवणीची अख्खी माया.

चांगल्या पॅटर्नच्या कोपऱ्यात एक इंचाचा चौकोन छापलेला असतो. पर्समधली पट्टी काढून तिथेच मोजला. मुलगा बघत राहिला. मग त्याने ‘ॲक्च्युअल साइज’ करून दुसरं पान काढलं आणि तोही स्वतः मोजला. पैसे एकाच पानाचे घेतले.

शनिवार, दुपार

यार्डाचे मीटर करायचं काम. एक यार्ड म्हणजे साधारण ९१ सेंटिमीटर, ते सोपं. अडतं ते ‘फॅट क्वार्टर’पाशी. तिकडे दुकानात १८ बाय २२ इंचाचे तुकडे तयार मिळतात. आपल्याकडे पाव मीटर मागितला की पूर्ण पन्ह्याची दहाएक इंचाची चिंचोळी पट्टी हातात येते, त्यातून मोठा चौकोन निघत नाही. त्यापेक्षा ४४ पन्ह्याचं कापड अर्धा मीटर घ्यावं आणि मधोमध कापावं, दोन फॅट क्वार्टर मिळतात. खणाचा पन्हा लहान, तिथे हा हिशेब लागू नाही. हे सगळं प्रत्येक फायलीच्या नावातच घालते आहे: घरं, तयार माप, कापड मीटरमध्ये.

सासूबाई शेजारी बसून बघत होत्या. त्यांचं माहेर कर्नाटकातल्या हल्याळचं. तिथल्या सिद्दी, म्हणजे मूळच्या आफ्रिकी वंशाच्या, समाजातल्या बायका कवंद नावाची गोधडी शिवतात ते त्यांनी लहानपणी पुष्कळ पाहिलंय. खाली जुनी साडी अंथरायची, कडेपासून सुरुवात करायची, हाताला येईल तो तुकडा ठेवायचा, धावदोऱ्याने गोल गोल फिरत मध्यापर्यंत जायचं. चारही कोपऱ्यांना घडी घातलेले तुकडे लावायचे, त्यांना फुलं म्हणतात, त्याशिवाय कवंद पुरं होत नाही. मी त्यांना माझा छापील कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो उलटासुलटा पाहिला आणि विचारलं, “एवढं कापड आहे का गं घरात?”

नव्हतं. त्या यादीत नऊ निरनिराळी कापडं होती, सगळी नवी.

तेव्हा ठरवलं, घरांनुसार लावलेल्या फोल्डरांच्या वर आणखी एक पायरी हवी. ‘कातरणातून होणारे’, ‘एकाच कापडाचे दोन-तीन मीटर लागणारे’ आणि ‘सगळंच विकत आणायला लावणारे’. तिसऱ्या फोल्डरात सगळ्यात जास्त गर्दी झाली, आणि का नाही होणार! ते लिहिलेतच त्यासाठी. पहिल्या फोल्डरात मोजकेच राहिले, पण शिवण्याजोगे.

रविवार

क्विल्ट शिवणाऱ्यांच्या गटावर एकीने मागितलं, “पीडीएफ टाक ना सगळ्या.” मी लिंक पाठवली, फाइल नाही. नऊ घरांचा ब्लॉक कुणाच्या बापाचा नाही, तो शिवा, विका, काय हवं ते करा. पण त्यावर कुणीतरी आकृत्या काढल्यात, वाक्यं लिहिलीत, ती तिची. तिने फुकट दिलं म्हणून मी ते पुढे वाटत सुटावं असं होत नाही. यावर गटात शांतता. असो.

भाचीच्या बाळासाठी कातरणाच्या फोल्डरातला पहिलाच काढला, ‘सिंगल आयरिश चेन’. नऊ घरांचा एक ब्लॉक, शेजारी साधा पांढरा चौकोन, पुन्हा ब्लॉक. कोपऱ्यातले रंगीत चौकोन तिरके एकमेकांना भिडून साखळी दिसते. ३६ बाय ४८ इंचाला सहा इंची २४ ब्लॉक आणि २४ पांढरे चौकोन. रंगीत अडीच इंची तुकडे १२० लागतील, ते जुन्या परकरपोलक्यांच्या, कुर्त्यांच्या कातरणातून सहज निघतील. लाल तेवढे आधी मिठाच्या पाण्यात भिजवून, रंग जातो का बघून घ्यायचे. पांढरं मात्र विकत, सव्वा मीटर. त्याला इलाज नाही, घरातलं पांढरं सगळं पिवळं पडलंय.

आत काय घालायचं ते अजून ठरत नाही. मी म्हणते कॉटनचं बॅटिंग मागवू. सासूबाई म्हणतात, त्यांचं मऊ झालेलं लुगडं आहे, दुहेरी घाल. उद्या पांढरं आणायला जाईन तेव्हा बॅटिंगचा भाव विचारून येते, मग बघू.