जावाचा न उतरणारा आवाज

दुचाकी दुरुस्तीच्या व्यवसायात गाडीचा दोष बहुतेक वेळा सुटे भाग उघडल्यावर दिसतो. एका जुन्या जावा मोटरसायकलचा दोष मात्र मला ती उघडण्याआधीच ओळखता आला, आणि त्याचे श्रेय मी माझ्या स्वतःच्या जावाला देतो.

ती गाडी २५० सीसीची, ३५३ या प्रकारातली होती. या प्रकाराचे उत्पादन १९५४ मध्ये सुरू झाले. तिचे मालक वयाने ज्येष्ठ होते आणि गाडी बरीच वर्षे झाकून ठेवल्यानंतर त्यांनी ती पुन्हा रस्त्यावर आणली होती. थंड असताना ती उत्तम चालत असे. पण इंजिन तापले की मूठ पूर्ण सोडली तरी रेस खाली येत नसे, उलट कधी कधी आपोआप वाढत असे. याआधी दुसरीकडे तिचा कार्ब्युरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोलचे मिश्रण करणारा भाग, साफ झाला होता, त्यातले पेट्रोलचे प्रमाण ठरवणारे जेट बदलले होते, केबलही नवी टाकली होती. “आता इंजिनच बदला असे सांगतात,” काका म्हणाले, “पण मग ही माझी गाडी राहील का?” त्यांचा प्रश्न मला पूर्णपणे पटला.

मी गाडी सुरू केली. कार्ब्युरेटरवरचे बटण पेट्रोल किंचित वर येईपर्यंत दाबायचे, गिअरचाच दांडा आत ढकलून मागे वळवायचा आणि त्यालाच किक म्हणून पाय मारायचा, हे सारे पाय आपसूक करत गेले. दांडा एकच, आणि त्याने गिअर बदलताना क्लचही आपोआप सुटतो. क्लच आपोआप सुटण्याची ही सोय जावाच्या १९४६ च्या पेराक या मॉडेलमध्येच होती. दुसऱ्या महायुद्धात चेक भूमी परकीयांच्या ताब्यात असताना तिथल्या ज्या तंत्रज्ञांनी ती गाडी गुपचूप आखली, त्यांच्याविषयी मला आजही फार आदर वाटतो. माझ्या गाडीवर मी डावा हात न वापरता गिअर बदलत लांबचे रस्ते पार केले आहेत, आणि एका सिलिंडरमधून निघून दोन्ही बाजूंच्या सायलेन्सरांतून बाहेर पडणारा तिचा भरीव ठेका माझ्या कानांत इतका बसला आहे, की त्यात जरा जरी कोरडेपणा आला तरी तो मला लगेच खटकतो.

काकांच्या गाडीचा आवाज तापल्यावर तसाच कोरडा झाला. प्लग काढून पाहिला तर तो पांढराफटक होता. हवा घेण्याच्या तोंडावर तळहात अर्धवट धरताच रेस खाली आली, म्हणजे इंजिनाला गरजेपेक्षा जास्त हवा मिळत होती, हे नक्की झाले. कार्ब्युरेटरचा जोड आणि सिलिंडरचा तळ मी तपासला. दोन्ही घट्ट होते. मग हवा येत कुठून होती?

टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनखालची क्रॅंकची पेटी, म्हणजे पिस्टनने फिरणारा दांडा जिच्यात असतो ती बंद पेटी, हीच पंपाचे काम करते. मिश्रण आधी तिथे ओढले जाते, दाबले जाते आणि नंतर सिलिंडरमध्ये चढते, म्हणून ती पेटी हवाबंद असावीच लागते. फोर-स्ट्रोकमध्ये क्रॅंकच्या टोकाशी फट बंद ठेवणारी रबरी कडी, म्हणजे ऑइल सील, गेले तर तेल गळते. इथे मात्र मिश्रणच बिघडते. डाव्या बाजूचे सील गेले असते तर इंजिनाने गिअरबॉक्सचे तेल ओढले असते आणि मागे दाट पांढरा धूर सुटला असता. धूर नव्हता, तेलाची पातळीही योग्य होती. उरले ते उजवीकडचे, डायनामोच्या मागचे सील. झाकण काढल्यावर तिथे तेलाचा बारीक थर पसरलेला दिसला आणि शंका उरली नाही.

डायनामो उतरवून सील काढले, तेव्हा त्याच्या रबराची कड दगडासारखी कडक झाली होती. वर्षानुवर्षे न फिरलेल्या गाडीत हे घडतेच. हा दोष अंगावर काढणे धोक्याचे असते, कारण या इंजिनाला वंगण पेट्रोलमधूनच मिळते, २५ भाग पेट्रोलला १ भाग तेल. मिश्रणात हवा वाढली की इंजिन जास्त तापते, त्या मानाने वंगण अपुरे पडते आणि पिस्टन जाम होऊ शकतो. याच कारणामुळे लांब उतारावर मूठ बंद ठेवून गाडी सोडू नये, मध्ये मध्ये थोडी रेस द्यावी, हे मी माझ्या जावावर शिकलो होतो.

नवे सील बसवले, ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या पॉइंटचे अंतर जुळवले आणि कार्ब्युरेटरचे जेट मूळ मापाचे केले, कारण आधी बदललेले जेट आता निरुपयोगी होते. गाडी चांगली तापेपर्यंत मी स्वतः चालवली. मूठ सोडताच आवाज खाली उतरत होता. परतल्यावर प्लग पुन्हा काढला. त्यावर हवा तसा तपकिरी रंग चढू लागला होता.

काकांनी तो प्लग हातात घेऊन बराच वेळ निरखला. मग ते गाडीवर बसले, पहिल्याच किकेत ती सुरू झाली, आणि मी क्लचविषयी काही सांगण्याच्या आत त्यांनी डावा हात न वापरता पहिला गिअर टाकला होता.