दोघांचा रिपोर्ट एकाच दिवशी

आज दोघा भावंडांचा फॉलोअप होता. सिस्टिक फायब्रोसिस दोघांनाही, म्हणजे फुप्फुसात आणि पचनाच्या नळ्यांत चिकट स्राव साचणारा जन्मजात आजार. आईबाबा एकच त्यामुळे म्युटेशन, म्हणजे जीनमधला बिघाड, पण सेम, तरी धाकटीने फुप्फुसांची ताकद मोजायच्या मशिनमध्ये फुंकलं तर आकडा जवळजवळ नॉर्मल आणि दादाचा मागच्यापेक्षा अजून खाली. डॉक्टर म्हणाले ज्याच्या बिघाडाने हा आजार होतो तो सातव्या क्रोमोसोमवरचा सीएफटीआर जीन एकटाच सगळं ठरवत नाही, बाकीचे जीन्स असतात, कुठलं इन्फेक्शन कधी झालं ते असतं. कळतं हो सगळं, पण पोटात कालवायचं ते कालवतंच.

लोक म्हणतात "हिला तर काहीच नाही वाटतं". काहीच नाही कसं? प्रत्येक जेवणाबरोबर एन्झाइमच्या कॅप्सूल गिळते ती, नाहीतर खाल्लेलं अंगीच लागत नाही. दादाचं मात्र त्याशिवाय सकाळ-संध्याकाळ नेब्युलायझर, मग पाठ-छाती थोपटून कफ काढायचा, एकेक तास जातो.

येताना गाडीत ती रिपोर्ट बॅगेत लपवून गप्प बसलेली. शेवटी तोच म्हणाला, "अगं चांगला आलाय ना, मग दाखव की! निदान एकाचा तरी फ्रिजवर लावू." आणि हसता हसता त्याला जो खोकला लागला तो घर येईपर्यंत थांबला नाही, तिने मात्र रिपोर्ट काढून त्याच्या मांडीवर ठेवला.