खोकं भंगारात, एक्सपी कामावर

खान्देशातल्या कुठल्याही जिनिंगच्या ऑफिसात, अडत्याच्या गाळ्यात नाहीतर डाळ मिलच्या काट्याशेजारी एक पिवळट पडलेला सीपीयू हमखास असतो. त्याच्या पंख्याला कापसाची लव चिकटलेली, बाजूला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि पडद्यावर विंडोज एक्सपी ही जुनी ऑपरेटिंग सिस्टीम. मायक्रोसॉफ्टने तिचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला बंद केला, हे मालकाला सांगून उपयोग नसतो. ‘चाली ऱ्हायनं ना भो, मंग ऱ्हाऊ दे,’ एवढंच उत्तर येतं. आणि ते अगदीच चुकीचं नाही.

त्या लोखंडाचे जळगावच्या गोलाणी मार्केटात भंगाराचेच पैसे येतील. मोल आहे ते आतल्या मांडणीला: काट्याचं जुनं सॉफ्टवेअर, शेतकऱ्यांची खाती, युनिकोडच्या आधीच्या मराठी फाँटात टाइप केलेली पत्रं, जी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की अक्षरांची नुसती खिचडी दिसते. सीडी हरवलेली असते आणि सॉफ्टवेअर बसवून देणारा पोरगा केव्हाच पुण्याला गेलेला असतो. अशा वेळी फॉरमॅट मारून सगळं नव्याने बसवण्याच्या भानगडीत पडूच नये. अख्खी हार्ड डिस्क आहे तशी उचलावी आणि नव्या कॉम्प्युटरवर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतला कॉम्प्युटर, म्हणून चालवावी. त्यासाठीचं व्हर्च्युअलबॉक्स हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि त्यातल्या एक्सपीला एक प्रोसेसर आणि ५१२ एमबी ते १ जीबी रॅम पुष्कळ होते.

हे काम उन्हाळ्याआधी उरकावं. पारा ४५ च्या घरात गेल्यावर जुनी डिस्क तासन्‌तास फिरवणं म्हणजे तिची परीक्षाच.

सीपीयू चालू आहे तोवर दोन गोष्टी करून घ्याव्यात, नंतर त्या फार जड जातात. डिव्हाइस मॅनेजर उघडून ‘कॉम्प्युटर’खाली काय लिहिलंय ते कागदावर उतरवा: ‘एसीपीआय मल्टिप्रोसेसर’, ‘एसीपीआय युनिप्रोसेसर’ की नुसतं ‘ॲडव्हान्स्ड कॉन्फिगरेशन अँड पॉवर इंटरफेस पीसी’. मग आयडीई कंट्रोलरचा, म्हणजे जुन्या पद्धतीची डिस्क जोडणाऱ्या चिपचा, ड्रायव्हर बदलून यादीतला ‘स्टँडर्ड ड्युअल चॅनल पीसीआय आयडीई कंट्रोलर’ निवडा. रिस्टार्ट करू का, असं एक्सपी विचारेल. नाही म्हणा आणि सरळ शटडाउन करा, कारण पुन्हा उठली तर ती जुना ड्रायव्हर शोधून परत बसवू शकते.

आता डिस्क बाहेर. मागे ४० पिनांची रुंद पट्टी असेल तर ती आयडीई. यूएसबी-टू-आयडीई केबल घेताना सोबत वेगळा पॉवर अडॅप्टर आहे ना, ते बघून घ्या. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात आणि यूएसबीतून मिळतात ५, त्यामुळे नुसत्या केबलवर ती फिरणारच नाही. जंपर ‘मास्टर’वर असू द्या. जोडल्यावर नव्या विंडोजने ‘फॉरमॅट करायची का’ किंवा ‘स्कॅन अँड फिक्स’ असं विचारलं तर दोन्हींना नकार. त्यापेक्षा लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करून जीएनयू डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने प्रत घेणं बरं. आधी जुनी डिस्क, मग प्रतीची फाइल, शेवटी मॅप फाइल (प्रत कुठवर आली त्याची नोंद), हा कमांडमधला क्रम. पहिल्या दोन जागा उलटल्या आणि दुसऱ्या जागी डिस्कच आली तर वीस वर्षांचा हिशेब पुसला जातो. म्हणून डिस्कच्या नावापेक्षा तिची साइज दोनदा वाचा. मॅप फाइल आपल्याकडे फार कामाची. मध्येच लाइट गेली तर प्रत जिथे थांबली तिथूनच पुढे सुरू होते, आणि खराब सेक्टर शेवटी ठेवून धड भाग आधी पदरात पडतो. धडधाकट ४० जीबीची डिस्क यूएसबी २.० वरून साधारण अर्ध्या तासात उतरते. आजारी असेल तर रात्र जाते. प्रत ज्या डिस्कवर घ्याल ती फॅट३२ नको, तिथे ४ जीबीच्या पुढे फाइल जातच नाही. पुढे व्हर्च्युअलबॉक्ससोबत येणाऱ्या व्हीबॉक्समॅनेजच्या ‘कन्व्हर्टफ्रॉमरॉ’ कमांडने त्या प्रतीची व्हीडीआय, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्सची डिस्क फाइल, करायची आणि ती जोडून व्हर्च्युअल मशीन चालू करायची.

आणि मग येतो निळा पडदा.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, मालक बदलतो, तरी पहिले काही दिवस पहाटे त्याचे पाय जुन्याच गोठ्याकडे वळतात. एक्सपीचं नेमकं तेच होतं. लोगो दिसतो, खालची पट्टी दोन-चारदा सरकते आणि शून्यांची माळ लावून शेवटी ७बी असा कोड येतो. म्हणजे बूटची डिस्क सापडली नाही. डिस्क जागेवरच असते, पण एक्सपी जुन्या मदरबोर्डच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर घेऊन तिला शोधत असते आणि इथला, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्समधला, कंट्रोलर असतो पीआयआयएक्स४. डिस्क सेटिंगमध्ये चुकून साटा या नव्या जोडणीखाली जोडली असेल तरी हाच कोड, कारण मूळ एक्सपीकडे त्याचा ड्रायव्हरच नाही. आधी ती आयडीईखाली आणा, ईएफआय (नव्या पद्धतीचं बूट) बंद आहे ना ते बघा. तरीही ७बी येत असेल तर एक्सपीच्या सीडीवरून रिपेअर करा. सीडी त्याच सर्व्हिस पॅकची हवी. पहिल्या पडद्यावरचा ‘आर’ दाबू नका, तो रिकव्हरी कन्सोलचा; एफ८ ने करार मान्य केल्यावर येणारा दुसरा ‘आर’ आपला.

कोड न येता पडदा काळाच राहिला तर खिशातला तो कागद काढा. त्यावर मल्टिप्रोसेसर किंवा युनिप्रोसेसर असेल तर व्हर्च्युअल मशीनच्या सेटिंगमध्ये ‘आय/ओ एपीआयसी’वर टिक हवी. जुना प्रोसेसर इंटेलचा आणि नवा एएमडीचा असेल तर ७ई कोड येऊ शकतो. तेव्हा सेफ मोडमध्ये जाऊन रजिस्ट्रीत ‘इंटेलपीपीएम’ सर्व्हिसचा स्टार्ट आकडा ४ करायचा. सगळं चालतंय पण गोगलगायीसारखं, आणि खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसतंय? मग बाहेरच्या, म्हणजे नव्या कॉम्प्युटरच्या, विंडोजमध्ये हायपर-व्ही हे विंडोजचं स्वतःचं व्हर्च्युअल मशीनचं फीचर चालू आहे, ते बंद करा.

चालू झाल्यावर हार्डवेअर बदललं म्हणून ती ३ दिवसांत ॲक्टिव्हेशन मागू शकते. कॅबिनेटवरच्या स्टिकरचा ओईएम (यंत्रासोबत आलेला) परवाना त्या यंत्रापुरताच असतो, हेही मालकाला आधीच सांगावं.

व्हर्च्युअल मशीनच्या सेटिंगमध्ये नेटवर्क ‘नॉट अटॅच्ड’ ठेवा. या एक्सपीवर ब्राउझर उघडायचं काहीच कारण नाही. फायलींची ने-आण गेस्ट ॲडिशन्सच्या (एक्सपीच्या आत बसवायच्या व्हर्च्युअलबॉक्सच्या ड्रायव्हरांच्या) शेअर्ड फोल्डरमधून होते.

वजनकाटा सिरीयल केबलवर असेल तर यूएसबी-टू-सिरीयल घ्या, बाहेरच्या विंडोजमध्ये त्याला कॉम १ ते ९ मधलाच नंबर द्या आणि व्हर्च्युअल मशीनच्या सिरीयल पोर्टला ‘होस्ट डिव्हाइस’ म्हणून तो जोडा. सॉफ्टवेअरची किल्ली म्हणून लावायचा यूएसबी डोंगल असेल तर यूएसबी कंट्रोलर २.० निवडा, ३.० चा ड्रायव्हर एक्सपीत नाही. खरी अडचण प्रिंटरच्या रुंद पोर्टला लावायच्या जुन्या डोंगलची. बाहेर विंडोज असेल तर तो व्हर्च्युअलबॉक्समधून चालेलच याचा भरवसा नाही. सॉफ्टवेअरवाला यूएसबी डोंगल बदलून देत नसेल, तर तो सीपीयू हलवू नये. त्याला एक जादा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) आणि मदरबोर्डचा सीआर२०३२ सेल आणून ठेवावा, आणि डिस्कची प्रत तेवढी घ्यावी.